कोड ते सीईओ : पराग अग्रवाल

• २००५ : आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्रात बी.टेक.; पुढे स्टॅनफर्डमधून पीएच.डी.

• २०११ : ट्विटरमध्ये इंजिनीअर म्हणून रुजू. सुरुवातीचे काम जाहिरात यंत्रणेवर.

• मधला टप्पा : कंपनीचे पहिले 'डिस्टिंग्विश्ड इंजिनीअर'. हे तांत्रिक शिडीवरचे पद; इथे टीम किती मोठी, यापेक्षा अनेक टीमना बांधून ठेवणारे तांत्रिक निर्णय कोण घेतो, हे मोलाचे.

• २०१७ : सीटीओ. तंत्रज्ञानाची दिशा ठरवणे आणि मशीन लर्निंगची जबाबदारी.

• नोव्हेंबर २०२१ : सीईओ. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीची मालकी बदलताच पायउतार व्हावे लागले.

तरुण प्रोग्रामरनी लक्षात घ्यावे : वर जाण्यासाठी लवकर मॅनेजर व्हायलाच हवे, असे नाही. आधी तांत्रिक पकड पक्की करा.