स्टॅगची प्राध्यापकी

पीटीच्या सरांना स्टाफरूममध्ये काय किंमत असते, हे मी नोकरीभर पाहिलंय. कुणाचा तास मोकळा पडला की आमची आठवण. म्हणून अमेरिकेतला फुटबॉल प्रशिक्षक अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग मला फार जवळचा वाटतो. तिकडचं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. आपल्या कबड्डीवाल्यांना ते लगेच कळेल.

1862 साली न्यू जर्सीत, जोडे शिवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. येल विद्यापीठात गेला तो पाद्री व्हायला. 1888 च्या येल फुटबॉल संघात तो खेळला. त्या हंगामात येलने 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही! पण लोकांपुढे प्रवचन द्यायला त्याची जीभ वळेना. मग पाद्रीपण सोडून तो स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए विद्यालयात शिकवायला लागला. बास्केटबॉल शोधणारा जेम्स नेस्मिथ तिथे त्याच्या फुटबॉल संघात होता. 1892 च्या मार्चमध्ये लोकांसमोर बास्केटबॉलचा पहिला सामना झाला. त्यात शिक्षक विद्यार्थ्यांकडून 5-1 असे हरले. तो एक गोल स्टॅगचा.

येलमधले त्याचे गुरू विल्यम हार्पर शिकागोत नवं विद्यापीठ उभारत होते. त्यांनी स्टॅगला दीड हजार डॉलर पगार देऊ केला. स्टॅग विचारात गप्प. हार्परना वाटलं, गडी तयार नाही. ते दोन हजारांवर गेले. तरी हा गप्पच. शेवटी अडीच हजार आणि तहहयात सहयोगी प्राध्यापकपद! हा किस्सा स्टॅगनेच सांगितलेला. मला यात पगारापेक्षा पदाचं मोल जास्त वाटतं. खेळ शिकवणारा माणूस लॅटिन शिकवणाऱ्याच्या रांगेत बसला.

शिकागोत त्याने 41 हंगाम काढले. बायको स्टेला प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून त्यांच्या चाली टिपून आणायची. पद तहहयात असूनही सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने त्याला निवृत्त केलं. पुढे 1939 मध्ये तिथलं फुटबॉलच बंद झालं आणि 1942 साली स्टॅगच्या नावाच्या मैदानाच्या स्टँडखाली भौतिकशास्त्रज्ञ फर्मींनी पहिली अणुभट्टी चालवली.

स्टॅग मात्र कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला रुजू झाला होता. 1943 साली, 81 व्या वर्षी, वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. मग 1947 मध्ये पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना विद्यापीठाच्या संघावर, पोराच्या जोडीला उभा राहिला.