उतारावरील गवतकापणी यंत्र

पंजाबातील झिरकपूर हे चंडीगडला लागून, घग्गर नदीच्या काठी वसले आहे. ही भूमी बहुतांशी सपाट. तेथील उतार पुष्कळसे माणसाने रचलेले. रस्त्यांचे भराव, नदीकाठचे बांध, उद्यानांतील उंचवटे. अशा ठिकाणचे गवत आता वर बसून चालवावयाच्या यंत्राने कापता येते. इंग्लंडातील एडविन बडिंग याने १८३० साली पेटंट घेतलेले पहिले गवतकापणी यंत्र हाताने ढकलावयाचे होते. माणूस यंत्रावर आरूढ झाला आणि श्रम वाचले. मात्र यंत्राबरोबर उलटण्याचा धोकाही त्याच्या वाट्यास आला.

यंत्र कलंडते केव्हा? त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा उताराकडील चाकाच्या बाहेर पडला म्हणजे. समजा, दोन चाकांमधील अंतर ९० सेंटिमीटर आहे आणि चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. गणिताने असे यंत्र सुमारे ३७ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. मग १५ अंशांच्या पुढे जाऊ नये असे सामान्यतः का सांगतात? वाचकास ही अतिसावधगिरी वाटेल. पण पुढील हिशेब पाहावा. वरचे चाक १० सेंटिमीटरच्या ढेकळावर चढले आणि त्याच क्षणी खालचे चाक तेवढ्याच खड्ड्यात गेले, तर कल आणखी १३ अंशांनी वाढतो. त्यात चालकाने सेकंदास २ मीटर वेगाने, २ मीटर त्रिज्येचे वळण चढाच्या दिशेने घेतले, तर बाहेर फेकणारे बल ११ अंशांच्या कलाइतके काम करते. बेरीज ३९ होते. यंत्र उलटलेच!

उतार मोजण्यास मोठे साधन लागत नाही. एक मीटर लांबीच्या फळीचे एक टोक उतारावर टेकवून दुसरे खालच्या बाजूस धरावे व गवंड्याच्या पाणसळीने ती सपाट करावी. मोकळ्या टोकाखालचे अंतर २७ सेंटिमीटर भरले, तर उतार १५ अंशांचा आहे. त्याहून अधिक भरल्यास यंत्र न नेता तेथील गवत विळ्याने कापावे.

वर बसावयाचे यंत्र उतारावर आडवे न चालवता खालून वर व वरून खाली न्यावे, कारण आडवी रुंदी लांबीपेक्षा कमी असते. हाताने ढकलावयाच्या यंत्राचा नियम याच्या उलट आहे: ते आडवेच चालवावे, म्हणजे पाय घसरला तरी पाते पायावर येत नाही. चढावर एकदम गती देऊ नये. पुढची चाके उचलली जातात. चढावर यंत्र अडल्यास वळवू नये. पाते बंद करून सरळ मागे, सावकाश उतरवावे. ज्या चढावर यंत्र मागे चालवून चढवता येत नाही, तो चढ त्याच्या कुवतीबाहेरचा समजावा. उतरताना गिअर काढून यंत्र घरंगळू देणे तर घातकच.

ओल्या गवताचा विचार वेगळा. तेथे यंत्र कलंडण्याच्या आधीच घसरते, आणि घसरणाऱ्या यंत्रास ब्रेक आवरू शकत नाही. म्हणून पावसानंतर गवत सुकेपर्यंत थांबावे. बांधाच्या कडेपासून व पाण्यापासून नेहमीच अंतर राखावे.

चालकाच्या डोक्यावर पोलादी संरक्षक चौकट असल्यास पट्टा अवश्य बांधावा. ती नसल्यास बांधू नये, कारण उलटणाऱ्या यंत्राखाली माणूस जखडला जातो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली.