घरावर सोलर बसवताय? जोडणी नीट समजून घ्या



'घरावर सोलर बसवलं की लाईट गेली तरी घर चालणार ना?' हा प्रश्न सभासदांकडून बऱ्याचदा येतो. उत्तर आहे: नेहमीच्या जोडणीत *नाही चालणार*. असं का, आणि घराच्या चालू वीज जोडणीला सोलर कसं जोडतात, ते आज बघू. मेसेज मोठा आहे, पण पैसे देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचा.

*1) जोडणी कशी असते?*
पॅनेलमधून डीसी वीज येते, घरात एसी लागते. मधला सोलर इन्व्हर्टर ती बदलून देतो. तिथून वायर मीटरच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, मुख्य बोर्डात स्वतंत्र एमसीबीवर येते. सोलरची वीज आधी घरात वापरली जाते. उरलेली महावितरणच्या लाईनवर जाते, कमी पडली तर लाईनवरून येते. घरचं वायरिंग बदलावं लागत नाही, फक्त जुन्या मीटरच्या जागी *नेट मीटर* बसतो. तो आलेली आणि गेलेली वीज वेगवेगळी मोजतो.

समजा दिवसभरात 8 युनिट तयार झाली. त्यातली 3 घरात वापरली, 5 लाईनवर गेली. रात्री आपण 4 युनिट घेतली. म्हणजे 1 युनिट आपल्या खात्यावर शिल्लक. ही शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते आणि 31 मार्चला हिशेब होतो. त्या वेळी उरलेल्या युनिटला दर कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून कमाई होईल असं धरू नका. स्थिर आकार द्यावाच लागतो, त्यामुळे बिल अगदी शून्य होत नाही.

*2) लाईट गेली की सोलर का बंद पडतं?*
हा बिघाड नाही, सुरक्षा आहे. लाईन बंद झाली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःहून थांबतो. तो थांबला नाही तर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनवर जाईल. तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरली तर पलीकडच्या तारांत 11 हजार व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो. वायरमन लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असतो. म्हणून 'लाईट गेल्यावरपण चालू राहील अशी जुगाड जोडणी करून देतो' असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट गेल्यावर वीज हवीच असेल तर *हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी* लागते. त्यात दोन-चार दिवे, पंखे, फ्रिज यांची लाईन वेगळी काढतात आणि ती लाईनपासून तुटून चालते. खर्च वाढतो. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही.

*3) घरात आधीच इन्व्हर्टर-बॅटरी किंवा जनरेटर आहे?*
सोलरची वायर जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर कधीच जोडू नका. तो इन्व्हर्टर जळेल, बॅटरीही खराब होईल. गोठ्यासाठी जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच अशा जागी हवा की जनरेटर चालू असताना सोलर पूर्ण तुटलेलं राहील. बसवणाऱ्याला हे आधीच दाखवा.

*4) किती किलोवॅट?*
बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो, त्याची सरासरी काढा. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात आणि त्याला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. महिन्याला 200-220 युनिट वापर असेल तर 2 किलोवॅट पुरे. नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज घटू शकते.

*5) अनुदान*
फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत असं अनुदान आहे:
▪️ 1 किलोवॅट: 30,000 रुपये
▪️ 2 किलोवॅट: 60,000 रुपये
▪️ 3 किलोवॅट किंवा जास्त: 78,000 रुपये
अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, नोंदणीकृत विक्रेताच निवडायचा, पॅनेल भारतीय बनावटीचंच हवं. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अनुदान अडकतं.

*6) नेट मीटर बसेपर्यंत संच चालू करू नका*
अनेक जुने मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात. मग बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. महावितरणची तपासणी, मग नेट मीटर, मग चालू, हाच क्रम. विक्रेत्याचे काही पैसे नेट मीटर बसेपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा.

*7) पंचगंगा-वारणा काठच्या गावांनी खास लक्ष द्या*
इन्व्हर्टर आणि बोर्ड 2019 च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. पाणी चढू लागलं की घर सोडण्याआधी सोलरचे एसी आणि डीसी दोन्ही स्विच बंद करा. पण लक्षात ठेवा, ऊन आहे तोवर पॅनेलपासून डीसी स्विचपर्यंतच्या वायरमध्ये वीज असतेच. सहा पॅनेलच्या ओळीत ती 300 व्होल्टच्या आसपास जाते. पूर ओसरल्यावर भिजलेल्या इन्व्हर्टरला हात लावू नका, तंत्रज्ञाने तपासल्यावरच चालू करा. अर्थिंग तीन वेगवेगळे हवेत: डीसी, एसी आणि वीजरोधक.

*8) शेतीपंपाचं काय?*
घरावरचं सोलर घरच्या मीटरपुरतंच. त्यावर शेतातली थ्री फेज मोटर जोडता येत नाही. पंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही वेगळी योजना आहे.

शेवटचं: गळीत हंगामात काजळी आणि पाचट जाळल्याची राख पॅनेलवर बसते. सकाळी लवकर साध्या पाण्याने पुसा, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. छतावर एकट्याने चढू नका.

विक्रेत्याचं कोटेशन आलं असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, आपण मिळून बघू. विजेची तक्रार असेल तर महावितरणचा 1912 नंबर आहे.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, हातकणंगले