लॅपटॉप एक, कामे दोन

डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, की घरात लगेच विषय निघतो तो लॅपटॉपचा. विद्यार्थ्याला त्यावर चित्रे, त्रिमिती रचना आणि अॅनिमेशन करायचे असते. गेम्सही त्यावरच खेळायचे असतात. पालकांना ही दुसरी मागणी चैनीची वाटते. प्रत्यक्षात दोन्ही कामांना लागणारी ताकद बरीचशी एकाच भागातून येते. तो भाग म्हणजे ग्राफिक्स चिप. दृश्यातील प्रकाश आणि सावली यांचे गणित गेममध्ये चालते, तसेच ते ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्येही चालते. दोन्ही कामांच्या गरजा वेगळ्या होतात त्या पडद्यापाशी. खरेदीत फसगत होते तीही बहुधा याच दोन ठिकाणी.

नाव तेच, ताकद वेगळी

ग्राफिक्स चिपचे नाव पाहून लॅपटॉप निवडला जातो. पण नाव पुरेसे नसते. एनव्हिडियाची २०२३ साली आलेली लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ ते ११५ वॅट अशा कोणत्याही मर्यादेत बसविता येते. ही मर्यादा लॅपटॉप बनविणारी कंपनी ठरविते. पातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकण्यास जागा कमी, म्हणून चिपला वीजही कमी दिली जाते. परिणामी एकाच नावाच्या दोन लॅपटॉपपैकी एक गेममध्ये अडखळतो आणि रेंडरिंगलाही जास्त वेळ घेतो. हा आकडा तपशिलाच्या तक्त्यात ‘टीजीपी’ या नावाने दिलेला असतो. तो दिलेला नसेल तर विक्रेत्याकडे मागावा.

पडदा कोणासाठी?

गेमिंग लॅपटॉपची जाहिरात १४४ हर्ट्झच्या पडद्याची असते. वेगवान खेळात त्याचा फायदा होतो. स्थिर चित्राला नाही. डिझाइनच्या विद्यार्थ्याला हवी असते ती रंगांची अचूकता. एसआरजीबी हे रंगांचे प्रमाण १९९६ पासून रूढ आहे आणि पडदा त्याच्या शंभर टक्क्यांच्या जवळ जाणारा असावा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र अनेकदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असा पडदा असतो. तो एसआरजीबीतील सुमारे दोन तृतीयांश रंगच दाखवितो. अशा पडद्यावर केशरी रंग फिका दिसतो, म्हणून विद्यार्थी तो गडद करतो. तेच काम परीक्षकाच्या चांगल्या पडद्यावर भडक दिसते. चूक पडद्याची असते, गुण मात्र विद्यार्थ्याचे जातात.

बदलता येणारे आणि न येणारे

लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बहुधा मदरबोर्डवरच जोडलेली असते. ती नंतर बदलता येत नाही. पडदा बदलणेही खर्चाचे व कटकटीचे असते. एसएसडी मात्र बहुतेक यंत्रांत वाढविता येते. रॅमसाठी जागा मोकळी असेल तर आज १६ जीबी घेऊन पुढे ३२ करता येते. ती मदरबोर्डवरच जोडलेली असेल, तर हवी तेवढी पहिल्याच दिवशी घ्यावी लागते. म्हणून पैसे आधी चिप आणि पडद्यावर घालावेत. साठवणुकीची जागा नंतर वाढविता येईल.

अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर शिकवितात, हेही महाविद्यालयात आधीच विचारावे. सॉलिडवर्क्स आणि थ्रीडीएस मॅक्स ही केवळ विंडोजसाठीची आहेत. अॅपलच्या मॅकबुकचा पडदा उत्तम आणि बॅटरी दीर्घकाळ चालणारी असली, तरी त्यावर ही सॉफ्टवेअर थेट चालत नाहीत. अनेक गेम्सही त्यासाठी उपलब्ध नसतात.

राहता राहिला वजनाचा प्रश्न. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो आणि चार्जरचे ओझे निराळे. विजेची जोडणी नसेल तर त्याची ताकद बरीच घटते. वसतिगृहात राहणाऱ्याला हे चालून जाते. रोज लोकलने दीड तास प्रवास करणाऱ्याने मात्र विचार करावा.

दुकानात जाताना ओळखीच्या चेहऱ्यांचे एखादे छायाचित्र पेन ड्राइव्हमध्ये न्यावे आणि ते शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपवर उघडून पाहावे. कोणता पडदा खरे रंग दाखवितो, हे पालकांनाही लगेच कळेल.