हातून सुटलेला पाना

बीड जिल्ह्यात उन्हाळा आला, की विहिरींची कामे निघतात. काठावर यारी उभी राहते. तळाशी माणसे पहार, टिकाव घेऊन खडक फोडत असतात. अशा वेळी काठावर नट आवळणाऱ्याच्या हातातून १ किलोचा पाना निसटला तर?

विहीर १५ मीटर खोल धरू. पान्याला तळ गाठायला पावणेदोन सेकंद लागतात. ‘अरे, सांभाळा!’ ही हाक ऐकून माणूस बाजूला होण्याआधीच पाना पोहोचलेला असतो. तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर आणि गतिज ऊर्जा १४७ ज्यूल असते. ती १ सेंटिमीटर अंतरात जिरली, तर सरासरी बल १४,७०० न्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतके होते! शिरस्त्राण थांबण्याचे अंतर वाढवते आणि आघात पसरवते. पण त्यालाही मर्यादा आहे. खरा उपाय वरच करायला हवा.

पान्याला १ मीटर लांबीची मजबूत दोरी बांधली, तर तो फार तर १ मीटर पडेल. मग ऊर्जा उरते जेमतेम १० ज्यूल, म्हणजे पंधरावा हिस्सा! जड हत्यार मात्र मनगटाला बांधू नये. त्याच्या हिसक्याने माणूसच खाली ओढला जाईल. ते भक्कम खांबाला बांधावे.

परळी वैजनाथ येथे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. अशा केंद्रांतील बॉयलर कित्येक मजली उंच असतात आणि त्यांभोवतीचे चालण्याचे मार्ग बहुधा लोखंडी जाळीचे असतात. छोटा नट त्या जाळीतून थेट खाली जाऊ शकतो. म्हणून सुटे भाग पिशवीत ठेवतात, मार्गाच्या कडेला आडवी पट्टी लावतात आणि वर काम चालू असताना खालची जागा दोरी लावून बंद करतात.

एका निसटलेल्या हत्याराने केवढा अनर्थ होतो, हे १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेत दिसले. आर्कान्सा राज्यात टायटन-२ क्षेपणास्त्राच्या भूमिगत तळावर पान्याचे एक जड सॉकेट सुमारे २४ मीटर खाली पडले. ते आपटून उसळले आणि त्याने इंधनाची टाकी फोडली. काही तासांनी झालेल्या स्फोटात एक जण ठार झाला.

हत्यार पडते, तसेच ते विसरलेही जाते. विमानाच्या इंजिनात राहिलेला स्क्रू-ड्रायव्हर असाच घातक ठरतो. म्हणून विमान-दुरुस्तीच्या कारखान्यांत फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी दिसली, की ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

माणसाचा हात कधी ना कधी निसटणारच, आठवण चुकणारच. म्हणून केवळ ‘काळजी घ्या’ म्हणणे पुरत नाही. दोरी आणि फळी ही काळजी आपोआप घेतात.

करून पाहा : परातीत ओल्या मातीचा जाड थर द्या. एकच गोटी २५, ५० आणि १०० सेंटिमीटर उंचीवरून सोडा. दर वेळी खड्ड्याची खोली मोजा आणि आलेख काढा. नंतर शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हत्यारांच्या आकृत्यांची एक फळी तयार करा.