लोकर, माती आणि बर्फाच्या खिडक्या

तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांचं घर म्हटलं की गोल तंबू डोळ्यांपुढे येतो. ते चूक नाही, अपुरं आहे. बोस्फरसपासून सैबेरियातल्या लीना नदीपर्यंत पसरलेल्या या समाजांच्या घरांचं कवच त्या त्या मुलखानं ठरवलं. आत कोणी कुठे बसायचं, हे मात्र माणसांनी आपल्या हाती ठेवलं.

तंबूपासूनच सुरुवात करू. किरगिझ त्याला ‘बोझ उय’ म्हणतात, कझाख ‘कियिझ उय’. गवताळ स्तेपवर झाडं विरळ आणि मेंढ्या उदंड. म्हणून लाकूड सांगाड्यापुरतं, बाकी सगळा लोकरीचा जाड नमदा. भिंत म्हणजे विलोच्या पट्ट्यांची जाळी. सांधे कातडी वाद्यांचे, त्यामुळे ती ओढली की पसरते, दाबली की मिटते आणि उंटावर चढते. छपराचे दांडे खालच्या टोकाला वाकवून वर एका कड्यात खोचलेले असतात. मंगोल तंबूत हे दांडे सरळ असतात आणि कड्याला खालून दोन खांबांचा आधार लागतो. इथे खांबच नाही. गोल घराला कोपरा नसल्यामुळे वारा वळसा घालून जातो. उन्हाळ्यात नमद्याची खालची कड गुंडाळली की गवताच्या चटईतून झुळूक आत येते. धूर त्या कड्यातून बाहेर जातो आणि उजेडही तिथूनच येतो. हेच कडं किरगिझस्तानच्या झेंड्यावर आणि कझाखस्तानच्या राजचिन्हावर आहे. हे तंबू बांधण्याच्या कौशल्याची युनेस्कोनं 2014 मध्ये नोंद घेतली.

दक्षिणेकडे पाणी कालव्यांतून येतं आणि माती मुबलक, म्हणून घरं मातीची. उझबेकिस्तानातल्या खिवामधल्या जुन्या घरांत अंगणालगतचा उंच, खांबांचा ओटा उत्तरेकडे तोंड करून असतो, कारण थंड वारा तिकडून येतो. चीनमधल्या तुर्फानचं खोरं तर सर्वांत खोल जागी समुद्रसपाटीच्या दीडशे मीटर खाली. पाऊस जवळपास नाहीच. तिथले उईघुर जाळीदार कच्च्या विटांच्या खोल्यांत द्राक्षं सावलीत वाळवतात. तासगावच्या बेदाणेवाल्यांना ही युक्ती लगेच पटेल.

तुर्कस्तानातल्या अनातोलियाबद्दल थोडक्यात. योरुक पशुपालकांचा तंबू काळ्या शेळीच्या केसांचा: कोरड्या हवेत त्याचं विणकाम सैल राहतं, पावसात केस फुगून छिद्रं बुजतात. साफ्रानबोलूचे लोक हिवाळ्यात दरीतल्या घरात राहत आणि उन्हाळ्यात वरच्या मळ्यातल्या घरी जात.

मला सर्वांत थक्क करतात ते उत्तरेचे साखा, म्हणजे याकूत. त्यांचे पूर्वज दक्षिणेकडून गुरं-घोडे घेऊन आले, अशा मुलखात जिथल्या ओयम्याकोनला 1933 मध्ये उणे 67.7 अंश नोंदले गेले. तिथे त्यांनी ‘बलागान’ उभारलं: आत कललेल्या ओंडक्यांच्या भिंती, त्यांवर माती-शेणाचा लेप आणि गोठा घराला लागूनच. खिडकीला काचेऐवजी बर्फाची लादी. उन्हाळ्यात मात्र ते उकळून लवचीक केलेल्या बर्चच्या सालीच्या शंकूसारख्या ‘उरासा’त राहत.

कझाख, किरगिझ, उझबेक घरांत दारासमोरची, सर्वांत आतली जागा ‘तोर’. ती पाहुण्याची आणि वडीलधाऱ्यांची. भिंत नमद्याची असो वा मातीची, हा मान बदलला नाही. आज याच समाजांतले बहुतेक लोक पक्क्या घरांत राहतात, पण मुलखाचा शब्द तिथेही चालतो. याकुत्स्कमधल्या काँक्रीटच्या इमारती खोल रोवलेल्या खांबांवर, खाली मोकळी हवा ठेवून बांधतात. घराची ऊब गोठलेल्या जमिनीत उतरली तर जमीन वितळते आणि इमारत खचते.