खेळ हेसुद्धा औषध

आमचे काका फौजेत होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. घरी आल्यापासून ते दिवसभर ओसरीत बाजेवर पडून असायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, जखमी जवान परत उठून कसे बसतात?" गुरुजी म्हणाले, "खेळूनसुद्धा!" मला नवल वाटले. त्यांनी सांगितलेली माहिती मी लिहीत आहे.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे जवान होते. ते बॉक्सिंग खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांना उपचार म्हणून पोहायला सांगितले. पोहायलाच का? कारण पाण्यात अंग हलके होते. पाय हलले नाहीत तरी हात मारून पुढे जाता येते. त्यामुळे हात, खांदे आणि छाती बळकट होतात. हातात जोर आला की खाटेवरून चाकाच्या खुर्चीत आपले आपण बसता येते. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांचे ऑलिंपिक, म्हणजे पॅरालिंपिक झाले. तिथे पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक! २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

ही युक्ती इंग्लंडमध्ये डॉक्टर गुटमन यांनी सुरू केली. पूर्वी मणक्याला मार लागलेले जवान नुसते पडून राहत. पडून पडून पाठीला जखमा होत आणि त्यातच पुष्कळ जण दगावत. डॉक्टरांनी त्यांना खेळायला लावले. १९४८ साली त्यांच्या दवाखान्यात १६ जखमी स्त्री-पुरुषांची धनुष्यबाणाची स्पर्धा झाली. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पहिले पॅरालिंपिक भरले.

बसून खेळायचा व्हॉलीबॉलसुद्धा असतो. त्यात जाळी खाली बांधतात आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचे नाही. हे ऐकून आम्ही पोरांनी पटांगणात दोरी बांधली आणि काकांना बोलवायला गेलो. काका आधी "नको रे" म्हणाले. आजीने गुपचूप कुबड्या त्यांच्या हातात दिल्या. मग आले. आम्ही सगळे खाली बसलो, तेव्हा काका आणि आम्ही सारखेच झालो. काकांचे हात लई जोरदार! आम्ही हरलो. काका मोठ्याने हसले. आजीने डोळ्याला पदर लावला.

खेळून काकांचा पाय परत येणार नाही, हे मला कळते. औषधपाणी तर लागतेच. पण आता पाच वाजले की काकाच विचारतात, "पोरांनो, चेंडू कुठाय?"

म्हणून मित्रांनो, ज्याला पळता येत नाही त्याला नुसते बघत बसवू नका. खेळ थोडा बदला, पण त्याला खेळायला घ्या.

— इयत्ता चौथी